पाटी पुन्हा हाती घेताना

प्रवेशाचे दिवस आले की साऱ्या शहराचे लक्ष अठरा वर्षांच्या मुलामुलींकडे लागते. कोणत्या महाविद्यालयाची यादी किती टक्क्यांवर थांबली, कोणत्या शाखेकडे ओढा वाढला, कोणाच्या पदरी निराशा आली, ह्याचे हिशेब घराघरांत मांडले जातात आणि वृत्तपत्रेही (त्यांत आम्हीही आलोच) ते रकानेच्या रकाने भरून छापतात. ह्याच दिवसांत विद्यार्थ्यांचा आणखी एक वर्ग महाविद्यालयाच्या दाराशी येऊन जातो, पण त्याची वार्ता कोणी करीत नाही. हा विद्यार्थी पस्तिशी-चाळिशीतला असतो. कचेरी किंवा कारखाना सुटल्यावर, रिकाम्या डब्याची पिशवी सांभाळीत तो चौकशीला येतो आणि बहुधा चौकशीची खिडकी बंद झालेली पाहून परत फिरतो. कारण त्याची नोकरी आणि त्या खिडकीची नोकरी एकाच वेळी सुटते.

देशापुढे मोठमोठे प्रश्न उभे असताना एका बंद खिडकीसाठी पहिल्या पानावरची जागा कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, जी माणसे आज हे शहर चालवीत आहेत, त्यांच्यापैकी फार मोठ्या संख्येचे शिक्षण मध्येच तुटले आहे. ते जोडून घेण्याची त्यांची इच्छा मेलेली नाही. ती इच्छा वाया जाऊ देणे हा राष्ट्राच्या संपत्तीचा अपव्यय आहे. आणि तो रोज संध्याकाळी, कोणाच्याही लक्षात न येता होत असतो.

आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले. त्या काळातला आमचा एक विद्यार्थी अंकगणितात इतका तरबेज होता की, फळ्यावर उदाहरण लिहून पुरे होण्याच्या आत त्याचे उत्तर तयार असे. वडिलांची गिरणी बंद पडली होती. दहावी होताच तो एका गोदामात कामाला लागला. पुष्कळ वर्षांनी तो आम्हांस भेटावयास आला, तेव्हा त्याच्या कानांवरचे केस पिकले होते. गोदामाचा सारा हिशेब तो पाहत असे, पण त्याच्यावर अधिकारी म्हणून नेमला जाणारा प्रत्येक जण पदवीधर आणि त्याच्याच हाताखाली काम शिकलेला असे. त्याने रखडत बारावी केली आणि वाणिज्य शाखेच्या पदवीस बाहेरून नाव घातले. वर्षभर रजेचा एकेक दिवस वाचवून त्याने परीक्षेपुरती रजा जमविली. ऐन वेळी परीक्षेची तारीख पुढे गेली, मग आणखी एकदा गेली. रजा पहिल्या तारखेवरच खर्ची पडली होती. तो पुन्हा परीक्षेस बसला नाही. ह्या हकीकतीत तक्रारीचा सूर मुळीच नव्हता, आणि आम्हांस लागले ते तेच. "सर, माझेच चुकले, ह्या वयात हे करायला नको होते," असे तो म्हणाला.

चूक त्याची होती काय? हा प्रश्न आम्ही आज विचारीत आहोत.

प्रथम हे पाहू की, ही माणसे परत का येतात. सर्वांत उघड कारण बढतीचे. परिचारिका, पोलीस शिपाई, कारकून, अंगणवाडीची सेविका, ह्या सर्वांच्या नोकरीत एक पायरी अशी येते की, जिच्यापुढे अनुभव कामाचा नाही, कागद लागतो. दुसरे कारण असे की, आयुष्यभर पुरेल म्हणून शिकलेली विद्या मध्येच निरुपयोगी होते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, तेव्हा साच्यावर ज्यांचे हात वाऱ्यासारखे चालत ते कसबी कामगार एकाएकी बिनकसबी ठरले. आज जी यंत्रे कचेऱ्यांत येत आहेत ती कारकुनांच्या आणि हिशेबनिसांच्या बाबतीत तेच करणार नाहीत, अशी ग्वाही कोणी देऊ शकेल असे वाटत नाही. परंतु आमच्या अनुभवाप्रमाणे तिसरे कारण सर्वांहून खोल असते आणि ते अर्जावर कोणी लिहीत नाही. मुलाच्या शाळेतल्या अर्जात 'पालकांचे शिक्षण' हा रकाना भरताना लेखणी अडखळते. चार शिकलेल्या माणसांत बोलणे निघाले की, आपण गप्प बसावे असे वाटते. जे अर्धवट राहिले ते पुरे करावे, ही माणसाची साधी भूक आहे. ती चाळिशीतही लागते आणि साठीतही लागते.

ही भूक ओळखणारी माणसे महाराष्ट्रात नव्हती असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या प्रौढांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा मुंबई विद्यापीठाची स्थापना व्हावयाची होती. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने, ज्यांचे शाळेचे वय कधीच उलटून गेले होते अशा स्त्रियांना शिकवून आपल्या पायांवर उभे केले. आणि डॉ. आंबेडकरांचे उदाहरण तर ह्या विषयात सर्वांहून बोलके आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. चांगल्या पगाराची नोकरी हाती होती, संसार होता. परंतु १९२० मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ती नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. गाठीला स्वतःची बचत होती, शाहू महाराजांनी हात दिला होता आणि नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज होते. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी त्यांनी मिळविली. ज्याने तुटलेले शिक्षण जोडण्याचे मोल स्वतः भरले होते, त्याने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांच्या सोयीसाठी सकाळचे वर्ग ठेवले, ह्यात नवल नाही. महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या घड्याळाकडे पाहून आपले घड्याळ लावावे, हा तो विचार होता. पुढे ह्या शहरात सकाळच्या आणि रात्रीच्या वर्गांतून शिकून कित्येकांनी वकिली केली, कित्येक शिक्षक झाले.

तो विचार आज क्षीण झाला आहे. त्याची जागा दूरशिक्षणाने घेतली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद पोकळ नव्हते. त्याने मराठीत पुस्तके तयार केली आणि गावोगावी अभ्यासकेंद्रे नेली. ज्यांना दुसरे कोणतेही विद्यापीठ उभे करीत नव्हते अशांच्या हाती पदवी दिली. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, तेही योग्यच झाले. ह्या कार्याचे ऋण मान्य करूनच आम्हांस सांगावयाचे आहे की, पुस्तकांचे गठ्ठे घरी पाठविले म्हणजे शिक्षण घरी पोहोचले असे होत नाही. पंधरा-वीस वर्षे ज्याने परिच्छेदभर लेखन केलेले नाही, त्याला पुस्तकाहून अधिक गरज असते ती समोर बसून "येथवर बरोबर आहे, आता पुढे चला," असे सांगणाऱ्या माणसाची. ते माणूस त्याला रविवारच्या एखाद्या संपर्क वर्गात भेटले तर भेटते.

आता त्याच्या वाटेतल्या अडचणी पाहू. पहिली वेळेची. बदलापूरला किंवा विरारला राहून दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्याचे रोजचे तीन तास गाडीत जातात, आणि ते तास बसून वाचण्याचे नसतात. एका हाताने कडी धरून उभे राहण्याचे असतात. घरी पोहोचल्यावर दीड खोलीच्या जागेत जेवण, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या आईचे औषध आणि शेजारचा दूरदर्शनसंच ह्यांतून अभ्यासाला जो कोपरा आणि जो तास उरतो, तो झोपेतून कापलेला असतो.

दुसरी पैशाची. येथे वाचकांचा एक गैरसमज आम्ही दूर करू इच्छितो. मुक्त विद्यापीठाची फी हा ह्या माणसाच्या अडचणींचा सर्वांत लहान भाग आहे. खरा खर्च आहे तो बुडालेल्या ओव्हरटाइमचा, बिनपगारी रजेचा, संपर्क वर्गासाठी बुडविलेल्या रविवारच्या जोडधंद्याचा. हा खर्च कोणत्याही माहितीपुस्तकात छापलेला नसतो, म्हणून त्यासाठी कोणती सवलतही नसते. विद्यार्थ्याच्या रेल्वे पासाच्या सवलतीलाही वयाची मर्यादा आहे. चाळिशीचा विद्यार्थी विद्यापीठाच्या दप्तरी विद्यार्थी असतो, स्थानकाच्या खिडकीवर नसतो.

तिसरी कचेरीची. वरिष्ठ उदार असेल तर बरे. नसेल तर 'साहेब व्हायचेय वाटते!' हा शेरा ठरलेला. परीक्षेची रजा हा बहुतेक ठिकाणी हक्क नाही, मेहेरबानी आहे. मेहेरबानी मागावी लागते, आणि पुष्कळ स्वाभिमानी माणसे ती मागण्यापेक्षा परीक्षा सोडून देतात.

चौथी अडचण स्त्रियांची, आणि तिच्यात वरच्या तिन्ही येऊन मिळतात. एकोणिसाव्या वर्षी लग्नामुळे जिचे दुसरे वर्ष सुटले, ती धाकटे मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा पुस्तक उघडते. तिने नोकरी करावी ह्याला आता घरात फारसा विरोध होत नाही, कारण नोकरीचा पगार घरात येतो. अभ्यासाचा पगार येत नाही. म्हणून तिचा अभ्यास ही घराच्या दृष्टीने हौस ठरते आणि हौस स्वयंपाकानंतरची असते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाहुणे येणार असले तर कोणाचा बेत बदलतो, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको.

ह्या सर्वांच्या तळाशी लाज आहे. अठरा वर्षांच्या मुलांत आपण बसलो तर ती हसतील, नापास झालो तर घरचे हसतील, इंग्रजी वाक्य चुकले तर सारेच हसतील, अशी भीती मनात घर करून असते. आम्ही शिक्षक असताना एक गोष्ट वारंवार पाहिली की, बुद्धी कमी पडून मागे राहणाऱ्यांपेक्षा भीतीने मागे राहणारे अधिक असतात. प्रौढाची भीती तर दुहेरी असते. कारण त्याच्याजवळ गमावण्यासारखी प्रतिष्ठा असते.

अशा माणसाशी विद्यापीठांनी कसे वागावयास हवे आणि ती कशी वागतात? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट घाईघाईने घातला, निकाल महिनोन्महिने रखडले आणि अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून जावे लागले. त्या वेळी तरुण विद्यार्थ्यांच्या हानीची पुष्कळ चर्चा झाली, ती योग्यच होती. परंतु निकाल लांबला की, तरुणाचे वर्ष जाते आणि प्रौढाची उमेद जाते, हे कोणी बोलले नाही. वर्ष परत येते. चाळिशीत एकदा गेलेली उमेद क्वचितच परत येते.

नव्या धोरणाने ह्या माणसाला आशा दाखविली हे खरे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे एक वर्ष पुरे करणारास प्रमाणपत्र, दोन वर्षांस पदविका, तिसऱ्यास पदवी. मिळविलेले श्रेयांक पेढीतील ठेवीप्रमाणे साठवावे आणि परत येऊन पुढे शिकावे. कल्पना उत्तम आहे. पण तिच्यातील बारीक अक्षरे वाचावी. २०२१ च्या नियमांनी ह्या ठेवीची मुदत अधिकात अधिक सात वर्षांची ठेवली. आणि २०२२ च्या पदवी आराखड्यात, मध्येच बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि सात वर्षांत पदवी पुरी करावी, असे म्हटले आहे. एकोणिसाव्या वर्षी शिक्षण सुटलेली स्त्री चौतिसाव्या वर्षी परतली, तर मध्ये पंधरा वर्षे गेलेली असतात. ज्या ठेवीची मुदत मूल मोठे होण्यापूर्वीच संपते, ती आईच्या काय उपयोगाची?

आमच्या मते ह्या अनास्थेचे मूळ आपल्या मोजमापात आहे. उच्च शिक्षणाचा प्रसार मोजताना एकूण विद्यार्थ्यांची संख्या अठरा ते तेवीस ह्या वयोगटातील लोकसंख्येशी ताडून पाहतात. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत हे प्रमाण २८.४ टक्के होते; २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे. चाळिशीचा विद्यार्थी प्रवेश घेतो तेव्हा तो ह्या अपूर्णांकाच्या अंशात मोजला जातो. परंतु जो दाराशी येऊन परत गेला, तो अंशात नाही आणि छेदातही नाही. तो गेल्याने प्रमाण रेसभरही घटत नाही. ज्याचे परत जाणे हिशेबातच उमटत नाही, त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवण्याची घाई कोणास असणार?

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, तरुणांनाच पुरेशा जागा आणि पुरेसे प्राध्यापक नसताना प्रौढांवर पैसा कशाला खर्च करावा? ह्या आक्षेपात तथ्य आहे. परंतु आम्ही नव्या इमारती मागत नाही. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांच्या कितीतरी इमारती संध्याकाळी अंधारात असतात. त्यांतील चार खोल्यांचे दिवे लावण्यास फारसे भांडवल लागत नाही. शिवाय पुस्तक उघडून बसलेली आई ज्या घरात आहे, त्या घरातील मुलांना अभ्यासाला बसविण्यासाठी निराळा उपदेश करावा लागत नाही. म्हणजे हा खर्च तरुणांवरचाही आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. ह्या लोकांना विद्या नको, पदवी हवी, असे म्हटले जाते. काहींच्या बाबतीत ते खरे आहे, आणि 'न शिकता पदवी'ची आमिषे दाखविणाऱ्यांची दुकाने त्यांच्याच जोरावर चालतात. ही दुकाने बंद झालीच पाहिजेत. परंतु खऱ्या शिक्षणाचे दार संध्याकाळी सहाला बंद होते, म्हणूनच ह्या दुकानांचे दार रात्री चालते, हेही विसरू नये. प्रौढांना गुणांत सवलत द्यावी असे आम्ही म्हणत नाही. प्रश्नपत्रिका तीच असो, कसोटी तीच असो. ती देण्याची संधी मात्र खरी असो.

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. शहराच्या प्रत्येक विभागात निदान एका महाविद्यालयाचे कार्यालय, ग्रंथालय आणि वर्ग रात्री नऊपर्यंत उघडे असावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये नोकरदारांसाठी त्यांच्या सोयीच्या वेळी वर्ग चालविण्याची वाट मोकळी केली. तीच दृष्टी कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांनी ठेवावी. परीक्षेच्या तारखा प्रवेशाच्या दिवशीच जाहीर व्हाव्या, आणि सरकारी दस्तऐवजाप्रमाणे त्या पाळल्या जाव्या. प्रौढांसाठी सात वर्षांची अट शिथिल व्हावी. प्रवेशानंतरचे पहिले दोन-तीन महिने केवळ वाचन-लेखनाचा हात पुन्हा बसविण्यासाठी, आणि तेही मराठीतून, देण्यात यावे. परीक्षेच्या दिवसांची रजा हा नोकरदाराचा हक्क व्हावा आणि त्याचा आरंभ राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांपासून करावा.

काही गोष्टी मात्र शासनाच्या हाती नाहीत, आमच्या वाचकांच्या हाती आहेत. त्यांपैकी बरेच जण कचेऱ्यांतून अधिकाराच्या जागी आहेत. हाताखालच्या माणसाने परीक्षेचा अर्ज पुढे केला तर शेरा न मारता सही करणे, ही लहान गोष्ट नव्हे. घरातली सून किंवा पत्नी पुस्तक घेऊन बसली असता दाराची घंटा वाजली, तर उठून दार आपण उघडणे, हीही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या त्या विद्यार्थ्याची मुलगी आता पदवी परीक्षेला बसली आहे. तिला गणित तो स्वतः शिकवतो. गेल्या महिन्यात तो पुन्हा आला होता आणि जाता जाता दाराशी थांबून त्याने विचारले, "सर, अजून नाव घालता येईल का?" आम्ही होय म्हटले. ते होय खरे ठरविणे आता आमच्या एकट्याच्या हाती नाही. तो येत्या सोमवारी कामावरून सुटून चौकशीला जाईल, तेव्हा सहा वाजून गेलेले असतील. खिडकी उघडी असावी, इतकेच आमचे मागणे आहे.